बंकटशेठच्या मेजाला निळा रंग

पेढी बंद झाली तेव्हा
तिजोरी कुणी नेली, पंखे कुणी नेले,
दिवाणजीचं बैठं मेज तेवढं राहिलं,
उतरत्या झाकणाचं, एक बिजागरी गेलेलं.
भंगारवाल्यानं साडेतीनशेला दिलं,
वर म्हणाला, जळणाला बरंय, सागवान आहे.

स्कूटीवर पायाशी उभं करून आणलं
मार्केट यार्डातून शंभर फुटीच्या मागं,
गुडघे फाकवून, बेडकासारखा.
करुणा दारातच. म्हणाली, दोन खोल्यांत
आता हे कुठं?
म्हटलं, सांचीला.
सांची साडेतीन वर्षांची. ती मांडी घालून बसली
तर झाकण बरोबर तिच्या कोपराला येतं,
सुतारानं तिचंच माप घेतल्यासारखं.

पहिला रविवार नुसता घासण्यात गेला.
ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीसचा.
भुसा पडायचा तो पिवळा.
किती वर्षांची हळद
लाकडात जाऊन बसलेली, कोण जाणे.
नाकात, नखांत, बनियनला, पोह्यांत.
करुणा म्हणाली,
लग्नात पण एवढी लागली नव्हती तुला.

आप्पा खाटेवरून बघत होते.
तीस वर्षं ते या मेजासमोर उभे होते,
काट्यावरचं वजन मोठ्यानं सांगत.
इतकी पोती, इतके किलो,
पोत्यामागं इतका कडता.
हात कधी टेकला नाही मेजावर.
आता म्हणाले, डाव्या कडेला लांबी जास्त भर,
शेठ अडकित्ता आपटायचा तिथं.
बघितलं, तर होता खड्डा.

रंग सांचीनं निवडला,
दुकानातल्या पुठ्ठ्यावर बोट दाबून. निळा.
दोन हात मारले.
सकाळी बघतो तर झाकणाच्या मधोमध
हिरवा डाग, ताटलीएवढा.
तिसरा हात मारला. डाग परातीएवढा.
रंगवाला म्हणाला, हळद ती, वर येणारच,
सगळं खरवड, चपड्याचा हात दे, मग रंग लाव.
पत्रा घेऊन बसलो खरवडायला.
सांची पालथी पडून बघत राहिली,
नाक जवळजवळ रंगात.
पप्पा, म्हणाली, पोपट येतोय आतनं.
थांब की. येऊ दे पूर्ण.

पत्रा ठेवला.

बाकीचं झालं हळूहळू, रात्री,
ती झोपल्यावर, आवाज न करता.
तासगावच्या बेदाण्याचे दोन खोके एकावर एक,
त्यात तिची पुस्तकं, पाचच आहेत, आडवी.
सासूबाईंच्या इरकलीचा काठ उसवून
करुणानं खिडकीला पडदा शिवला,
एक बाजू बोटभर आखूड झाली, तशीच ठेवली.
मिरजेच्या टेलरकडून रिकामी रिळं आणली,
ती खणाच्या मुठी.
मोज्याचा हत्ती मी केला.
उभा राहत नाही. भिंतीला टेकवून ठेवतो.

काल संध्याकाळी आप्पा खाली उतरले,
गुडघा धरत, मेजाच्या एका बाजूला बसले.
ती दुसऱ्या बाजूला, दिवाणजीच्या जागी.
मधे टॉवेल, टॉवेलखाली दोघांचे हात.
मी लहान असताना यार्डात असेच सौदे व्हायचे,
भाव तोंडानं नाही, बोटांनी.
पण ते घेणाऱ्या-विकणाऱ्यांचे.
आप्पांना फक्त टॉवेल दिसायचा,
हलायचा तो.

किती बोटं धरली तिनं, कळलं नाही.
आप्पांनी मान हलवली,
लई महाग हाय तुमचा हत्ती, बाई.
ती म्हणाली, घ्यायचा तर घ्या.
कडता नाही.

आतून करुणा ओरडली, ताटं घेतलीत.
कुणी उठलं नाही.
टॉवेलच्या कडेला थोडा निळा लागला होता,
म्हणजे रंग
अजून पुरता वाळला नव्हता.